रुजू होण्याची घाई

१६ मे २०२० रोजी जर्मनीतील डॉर्टमुंड शहरी, एरवी ऐंशी हजारांवर प्रेक्षकांना सामावून घेणाऱ्या आणि त्या दिवशी सर्वस्वी रिकाम्या ठेवलेल्या क्रीडांगणावर, बोरुसिया डॉर्टमुंड आणि शाल्के या दोन शेजारी व हाडवैरी संघांचा सामना व्हायचा होता. महासाथीमुळे तहकूब झालेली बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा, त्या दिवशी पुन्हा सुरू होत होती. आणि युरोपातील मोठ्या स्पर्धांपैकी पुन्हा मैदानात उतरण्याचे धाडस तिनेच प्रथम केले असल्यामुळे साऱ्या फुटबॉलजगताचे लक्ष तिकडे लागून राहिले होते. सतरा वर्षांचा जिओव्हानी रेना, ज्याचे नाव बुंडेसलीगाच्या सामन्यात पहिल्या अकरा जणांत त्या दिवशी प्रथमच लागले होते, सामन्यापूर्वी अंग मोकळे करण्याच्या सरावातच जायबंदी झाला, आणि ऐन वेळी त्याच्या जागी थोरगान हझार्ड याला उभे करावे लागले. डॉर्टमुंडने तो सामना ४-० असा जिंकला, एर्लिंग हालांडने २९व्या मिनिटाला केलेला पहिला गोल पुढे पुष्कळ गाजला; परंतु मानवी देहाच्या व्यवहाराविषयी ज्याला जिज्ञासा आहे त्याने त्या गोलापेक्षा, पहिली शिट्टी वाजण्यापूर्वीच मैदान सोडावे लागलेल्या त्या मुलाचा विचार अधिक केला पाहिजे. एका मुलाच्या एका दुखापतीवरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे. पण ज्या प्रश्नाचा ऊहापोह या प्रकरणात करावयाचा आहे तो त्या दुखापतीमुळे आपल्यापुढे स्पष्टपणे उभा राहतो.

प्रश्न असा, की वर्षानुवर्षे कसून घडविलेले, उत्तम आहाराने आणि शास्त्रशुद्ध व्यायामाने पोसलेले शरीर काही आठवडे स्पर्धेपासून दूर राहिले तर त्यातून नेमके काय हरपते, काय टिकून राहते, आणि हरपलेले परत मिळविण्यास किती मुदत लागते?

विराम हा फुटबॉलपटूला अपरिचित नाही. हंगाम संपला की चार ते सहा आठवड्यांची सुट्टी आणि त्यानंतर साधारण तितक्याच काळाची पूर्वतयारी, असा युरोपातील व्यावसायिक खेळाडूचा शिरस्ता असतो. ती सुट्टी ठरलेली असते, तिच्या अखेरची तारीख ठाऊक असते, आणि परतल्यावर मित्रत्वाच्या सामन्यांतून हळूहळू अंगात खेळ मुरविण्यास अवसर मिळतो. २०२० सालचा विराम या तिन्ही बाबतींत निराळा होता. ११ मार्चला म्योंशेनग्लाडबाख आणि कलोन यांचा सामना प्रेक्षकांविना खेळविला गेला, दोनच दिवसांनी स्पर्धा तहकूब झाल्याचे जाहीर झाले, आणि त्यानंतर ती केव्हा सुरू होईल, होईल की नाही, हे कोणालाच सांगता येईना. नेदरलँड्सने आणि फ्रान्सने आपापले हंगाम एप्रिलअखेर गुंडाळून टाकले. जर्मनीत ६६ दिवसांनी चेंडू पुन्हा हलला, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तर दोन सामन्यांमध्ये बरोबर १०० दिवसांचे अंतर पडले. याहून मोठा खंड इंग्लिश फुटबॉलने पूर्वीही अनुभवला होता: १९३९चा हंगाम दुसऱ्या महायुद्धामुळे प्रत्येकी अवघ्या तीन सामन्यांनंतर बंद पडला आणि लीग पूर्ववत सुरू व्हायला १९४६चा ऑगस्ट उजाडला, टॉम फिनीसारख्या असामान्य खेळाडूला लीगमधील आपला पहिला सामना वयाच्या चोविसाव्या वर्षी खेळावा लागला. परंतु त्या काळी खेळाडूच्या देहाची मोजदाद करणारी साधने नव्हती. २०२०मध्ये मात्र प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक पावलाची नोंद दप्तरी होत होती, आणि म्हणूनच त्या विरामाने आपल्याला पूर्वी कधी न मिळालेली माहिती दिली.

ती माहिती समजून घेण्यासाठी प्रथम सामना शरीराकडून काय मागतो हे पाहिले पाहिजे. १९७६ साली टॉम रायली आणि व्हॉन थॉमस या संशोधकांनी इंग्लंडच्या पहिल्या वर्गातील खेळाडूंच्या हालचालींचे निरीक्षण करून, एक खेळाडू एका सामन्यात सरासरी ८.७ किलोमीटरच्या आसपास अंतर तोडतो असे दाखविले. आज हे अंतर साधारण १० ते १२ किलोमीटरांपर्यंत गेले आहे. पण अंतर हा या खेळाचा अगदी ढोबळ हिशेब झाला. कारण ते एका लयीत धावून काटायचे नसते. खेळाडू चालतो, मंद धावतो, थांबतो, मागे सरकतो, आणि दर दीड-दोन मिनिटांनी दोन ते चार सेकंद सर्वस्व पणाला लावून वेगाने झेपावतो. आणि झेप घेण्याहून कठीण असे जे काम, म्हणजे पूर्ण वेगात असताना एकाएकी थांबणे आणि दिशा बदलणे, तेही त्याला शेकडो वेळा करावे लागते. हृदयाची गती दीड तास आपल्या कमाल मर्यादेच्या ८० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान राहते. सारांश, फुटबॉलपटूला लांब पल्ल्याच्या धावकाचा दम, अल्प पल्ल्याच्या धावकाचा वेग आणि मल्लाची चिवट ताकद या तिन्हींची गरज असते, आणि विरामाच्या काळात या तिन्हींची घट निरनिराळ्या गतीने होते.

दमाची गोष्ट आधी घेऊ, कारण तिच्याविषयीचे ज्ञान सर्वांत जुने आणि सर्वांत पक्के आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे बेंग्ट साल्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विशीतील पाच निरोगी तरुणांना वीस दिवस अंथरुणावर पडून राहावयास लावले, आणि त्यानंतर तपासले तेव्हा त्यांची कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता, म्हणजे अतिश्रमाच्या वेळी शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त जेवढा प्राणवायू वापरू शकते ते मान, एक चतुर्थांशाहून अधिक घटले होते. पुढे ३० वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीन दशकांच्या वार्धक्याने त्यांच्यापैकी कोणाचीही त्या तीन आठवड्यांच्या शय्येइतकी हानी केली नव्हती, असे दिसून आले. अर्थात फुटबॉलपटू विरामात अंथरुणावर पडून राहत नाही. त्याच्या स्थितीशी अधिक जुळणारा प्रयोग एडवर्ड कॉइल यांनी १९८४ साली प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे कसून व्यायाम करणाऱ्या सात जणांना त्यांनी व्यायाम पूर्णपणे थांबवावयास सांगितले. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची प्राणवायू-ग्रहणक्षमता ७ टक्क्यांनी उतरली, आठ आठवड्यांनंतर ती १६ टक्क्यांच्या घटीवर येऊन स्थिरावली, आणि पुढे घसरली नाही.

ही घट कशामुळे झाली याची फोड मोठी उद्बोधक आहे. आरंभीची घट स्नायूंमुळे नव्हे तर रक्तामुळे होते. व्यायाम थांबला की काही दिवसांतच शरीरातील रक्तद्रव कमी होऊ लागतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, आणि म्हणून हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात बाहेर पडणारे रक्तही घटते. कॉइल यांनीच दोन वर्षांनी एका पुढच्या प्रयोगात, दोन ते चार आठवडे व्यायाम सोडलेल्या माणसांच्या शिरेत द्रव सोडून रक्ताचे आकारमान कृत्रिम रीतीने पूर्वीइतके केले, तेव्हा त्यांच्या हृदयाचा ठोका आणि प्राणवायू-ग्रहणक्षमता ही दोन्ही तत्क्षणी जवळजवळ पूर्वस्थितीस आली. हृदय दुर्बळ झालेले नव्हते. त्याच्याकडे पोचणारे रक्त तेवढे उणे पडले होते. त्यानंतरची घट मात्र स्नायूंच्या आत होते. प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करणारी जी विकरे तंतुकणिकांत असतात, त्यांचे वाढीव प्रमाण दर बारा दिवसांनी निम्म्याने ओसरत जाते. परंतु स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या केशवाहिन्यांचे जाळे, जे वर्षांच्या श्रमाने विणले गेलेले असते, ते बारा आठवड्यांच्या आळसानंतरही जसेच्या तसे टिकून होते. दीर्घ काळात कमावलेले सहजासहजी जात नाही, आणि जे लवकर जाते ते लवकर परतही येते, हा आश्वासक नियम या प्रयोगांनी घालून दिला.

हा नियम ठाऊक असलेल्या संघांनी विरामाच्या काळात खेळाडूंचा दम राखण्याची तरतूद तातडीने केली. म्युनिकच्या बायर्न संघाने मार्चच्या उत्तरार्धातच खेळाडूंच्या घरी स्थिर सायकली असतील अशी व्यवस्था करून, सर्वांना एकाच वेळी पडद्यावर एकत्र आणून व्यायाम सुरू केले. ६ एप्रिलपासून लहान लहान गटांत, एकमेकांपासून अंतर राखून, मैदानावरील सरावाची परवानगी मिळाली. काहींनी तर विरामाचे सोने केले: बायर्नचा मध्यरक्षक लिऑन गोरेत्स्का परतला तेव्हा त्याचे दंड आणि खांदे इतके भरले होते की पाहणारे थक्क झाले. दम घरी राखता येतो, ताकद घरी वाढविताही येते. मग घरी काय राखता येत नाही?

उत्तर असे, की वेग आणि थांबणे या दोन गोष्टी घराच्या चार भिंतींत राखता येत नाहीत. ताशी ३० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावताना पुढे गेलेला पाय जमिनीला टेकण्याच्या क्षणापूर्वी मांडीच्या मागच्या बाजूचे स्नायू, ज्यांना खेळाडूंच्या बोलीत हॅमस्ट्रिंग म्हणतात, एकाच वेळी ताणलेही जात असतात आणि आकुंचनाचा जोरही लावत असतात. या विलक्षण कामासाठी स्नायूंचे तंतू लांब व्हावे लागतात. विशिष्ट व्यायामाने ते होतातही, पण तो व्यायाम सोडला की काही आठवड्यांतच ते पुन्हा आखूड होतात. सायकलवर कितीही घाम गाळला तरी हा ताण त्या स्नायूंना कधीच पडत नाही. पूर्ण वेगाने धावण्याला पूर्ण वेगाने धावणे हाच एक सराव आहे. आणि प्रतिस्पर्धी अंगावर येत असताना अनपेक्षित क्षणी वळण्याला, प्रतिस्पर्ध्याच्या सान्निध्यावाचून दुसरा सराव नाही.

त्याहूनही मंद गतीने चालणारी आणि म्हणूनच अधिक धोक्याची गोष्ट म्हणजे कंडरा, स्नायूला हाडाशी जखडून ठेवणारी ती चिवट दोरी. स्नायूंना रक्ताचा पुरवठा मुबलक असतो, कंडरेला अल्प; त्यामुळे श्रमाला प्रतिसाद देऊन स्वतःला बदलण्याचा तिचा वेगही अल्प असतो. पावसाळाभर गोठ्यात बसून मस्तावलेले बैल मोटेला जुंपावे आणि खुंटीला महिनोन्‌महिने टांगून वाळलेला नाडा त्यांच्या पहिल्याच हिसक्याला तुटावा, तसा प्रकार विरामानंतरच्या पहिल्या दिवसांत घडू शकतो. याचे बोलके उदाहरण फुटबॉलमधले नसून अमेरिकेतील फुटबॉल या नावाच्या दुसऱ्याच खेळातले आहे. २०११ साली तेथील व्यावसायिक संघांचे मालक आणि खेळाडू यांच्यातील वेतनाच्या तंट्यापायी मार्चपासून जुलैअखेरपर्यंत खेळाडूंना संघाच्या आवारात पाऊल ठेवण्यास मनाई होती. तंटा मिटला, आणि सराव शिबिरे घाईघाईने सुरू झाली. पहिल्या १२ दिवसांत १० खेळाडूंच्या टाचेमागील मोठ्या कंडरेला इजा झाली, आणि त्यानंतरच्या १७ दिवसांत आणखी दोघांच्या. सर्वाधिक हानी आरंभीच झाली, ही बाब विचारी माणसाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हे सारे जमेस धरले म्हणजे २०२०च्या उन्हाळ्यात जे घडले त्याचा उलगडा होतो. बुंडेसलीगात संपूर्ण संघाने एकत्र सराव करण्यास मोकळीक मिळाली ती मेच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे पहिल्या सामन्याच्या जेमतेम दहा दिवस आधी. आणि मित्रत्वाचा एकही सामना न खेळता संघ थेट मैदानात उतरले. स्पर्धा पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही फेऱ्यांची पाहणी करणाऱ्या एका संशोधक गटाला दर सामन्यामागील दुखापतींचे प्रमाण पूर्वीच्या सुमारे तिप्पट आढळले. पाहणीचा काळ अल्प होता, म्हणून या आकड्यावर भिस्त ठेवताना सावधगिरी बाळगली पाहिजे. पण त्याची दिशा शरीरशास्त्राला धरूनच आहे. इंग्लंडमध्ये १७ जूनला मँचेस्टर सिटीविरुद्ध आर्सेनलच्या ग्रानिट झाका आणि पाब्लो मारी या दोन खेळाडूंना पहिल्या पंचवीस मिनिटांच्या आतच बाहेर जावे लागले. असे काही घडणार ही भीती असल्यामुळेच फुटबॉलच्या नियमांचे जतन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने ८ मे रोजी बदली खेळाडूंची मर्यादा तीनवरून पाचवर नेण्याची तात्पुरती मुभा दिली. ती मुभा २०२२मध्ये कायम नियम झाली.

निकालांची मीमांसा करताना मात्र अधिक जपून पाऊल टाकावे लागते. डॉर्टमुंडच्या त्या विजयाच्या फेरीत नऊ सामन्यांपैकी त्या एकाच सामन्यात यजमान जिंकले. पण याचे श्रेय खेळाडूंच्या शरीरस्थितीला द्यावयाचे की रिकाम्या क्रीडांगणांना, हे वेगळे काढता येत नाही. धावलेल्या अंतराच्या आकड्यांवरही विसंबून भागत नाही. अनुभवी खेळाडू आपली शक्ती राखून वापरतो, धावण्याची उणीव हुशारीने भरून काढतो, आणि त्यामुळे एकूण अंतर पूर्वीइतकेच भरले तरी त्यातील निर्णायक झेपा कमी झालेल्या असू शकतात. दम परत आला, अंतर परत आले, म्हणून शरीर परत आले असे समजणे हीच या सर्व प्रकरणातील मोठी फसगत आहे.

या फसगतीची किंमत कोणाला मोजावी लागते हे पाहावयाचे असेल तर जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीतील डायनॅमो ड्रेस्डेन या संघाची कैफियत वाचावी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात स्पर्धा सुरू होण्याच्या तोंडावर या संघात संसर्ग आढळला, आणि स्थानिक आरोग्य खात्याने साऱ्या संघाला चौदा दिवस घरी विलग राहण्याचा हुकूम दिला. इतर संघ मैदानात धावत होते तेव्हा हे खेळाडू आपापल्या खोल्यांत होते. त्यांचा पहिला सामना ३१ मे रोजी झाला, अखेरचा २८ जून रोजी, आणि त्या २९ दिवसांत त्यांना ९ सामने खेळावे लागले. ज्यांची तयारी सर्वांत अपुरी त्यांनाच सर्वांत दाट वेळापत्रक! संघ तळाशी राहिला आणि तिसऱ्या श्रेणीत गेला. तो आधीपासूनच तळाशी झुंजत होता हे खरे, आणि पुरेशी मुदत मिळती तर तो वाचलाच असता असे म्हणता येत नाही. पण त्या खेळाडूंना समान अटींवर झुंजण्याची संधी मिळाली नाही, ही गोष्ट न्यायबुद्धीला डाचल्यावाचून राहत नाही.

याच्या उलट दुसरे चित्र पाहा. बायर्न संघाने विरामानंतर लीगमधील उरलेले नऊच्या नऊ सामने जिंकले, आणि ऑगस्टमध्ये लिस्बन येथे बार्सिलोनाला ८-२ असे नमवून पुढे युरोपचे अजिंक्यपद मिळविले. फ्रान्सच्या ल्यों संघाची लीग तर मार्चमध्ये बंद पडली ती पुन्हा सुरूच झाली नाही. ३१ जुलैच्या चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत त्याला एकही खरा सामना मिळाला नाही. तरीही त्याने त्याच युरोपीय स्पर्धेतून युव्हेंटसला बाहेर काढले आणि १५ ऑगस्टला मँचेस्टर सिटीचा ३-१ असा पराभव केला. विराम ल्योंला अधिक मिळाला होता, पण परतीच्या तयारीसाठी मुदतही अधिक मिळाली होती, आणि सिटीचे खेळाडू जूनपासून सतत खेळत आलेले होते. एका सामन्याच्या निकालाला कारणे अनेक असतात. तथापि दीर्घ विराम म्हणजे अटळ अधोगती, हा समज खोटा पाडण्यास एवढा दाखला पुरेसा आहे.

आपल्याकडे याच काळात गोव्याने या प्रयोगाचे यजमानपद भूषविले. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना १४ मार्च २०२० रोजी मडगावच्या फातोर्डा क्रीडांगणावर प्रेक्षकांविना झाला, आणि पुढचा हंगाम २० नोव्हेंबरला, म्हणजे आठ महिन्यांनी, बांबोळी येथे सुरू झाला. सगळी स्पर्धा फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीनच मैदानांवर, संघांना हॉटेलांत बाह्य जगापासून अलग ठेवून पार पडली. विराम युरोपापेक्षा कितीतरी दीर्घ होता. परंतु संघ कित्येक आठवडे आधी गोव्यात दाखल झाले होते, आणि एकत्र सरावाला त्यांना युरोपपेक्षा सवड अधिक मिळाली. आणि तसे पाहिले तर भारतीय फुटबॉलपटूला लांबलचक विरामाची ओळख महासाथीने करून दिलेली नाही. आपल्या स्पर्धांचे हंगाम आखूड, आणि दोन हंगामांमधील पोकळी मोठी, हे दुखणे जुनेच आहे. २०२५च्या जुलैत तर करारमदाराचा निवाडा न झाल्यामुळे पुढचा हंगामच स्थगित ठेवावा लागला, आणि शेकडो खेळाडू तारीख ठाऊक नसलेल्या विरामात ढकलले गेले. तारीख ठाऊक असली तर खेळाडू आपल्या व्यायामाची चढण त्या तारखेच्या बेताने आखू शकतो. ती ठाऊक नसली तर त्याला एकतर सदैव सज्ज राहून झिजावे लागते किंवा स्वस्थ राहून घटावे लागते.

परतीचा मार्ग कसा असावा याविषयी शास्त्राचे म्हणणे स्पष्ट आहे. नॉर्वेतील यान हेल्गेरुद यांनी २००१ साली दाखविले, की तरुण फुटबॉलपटूंनी आठवड्यातून दोनदा, चार-चार मिनिटांच्या चार फेऱ्या हृदयाच्या कमाल गतीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर धावून काढल्या, तर आठ आठवड्यांत त्यांची प्राणवायू-ग्रहणक्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला ५८ मिलिलिटरवरून ६४वर जाते, सामन्यात तोडलेले अंतर एक पंचमांशाने वाढते आणि झेपांची संख्या दुप्पट होते. दम असा झपाट्याने कमावता येतो. वेगाचा सराव मात्र थोड्या अंतरापासून, थोड्या संख्येने आणि पूर्ण विश्रांती घेत वाढवावा लागतो. कंडरेवरील भार आठवड्या-आठवड्याने चढवावा लागतो. आणि खऱ्या सामन्याची दीड तासांची झुंज ही मित्रत्वाच्या सामन्यांतून, आधी अर्धा डाव, मग पाऊण, मग पूर्ण, अशा क्रमानेच अंगी बाणवावी लागते. शरीराच्या प्रत्येक भागाला पूर्वपदावर यायला लागणारी मुदत निरनिराळी असते, आणि जो भाग सर्वांत सावकाश परततो त्याच्याच मुदतीला साऱ्या शरीराने मान दिला पाहिजे.

म्हणून स्पर्धा पुन्हा सुरू करण्याची तारीख ठरविताना प्रक्षेपणाचे करार, तिकिटांचा महसूल आणि पुढच्या हंगामाची निकड यांचा विचार जितक्या गांभीर्याने होतो, तितक्याच गांभीर्याने खेळाडूंच्या स्नायूंचा आणि कंडरांचा झाला पाहिजे, आणि ज्यांना तयारीस कमी दिवस मिळाले त्यांना सामन्यांमध्ये अधिक अंतर मिळाले पाहिजे. विरामात खेळाडू जे गमावतो ते बहुतांशी परत मिळणारे असते. घाईत जे गमावतो ते कधी कधी एका हंगामाला, कधी साऱ्या कारकिर्दीला पुरून उरते. वेळापत्रक आखणाऱ्याच्या हाती जी सत्ता असते तिच्याबरोबर ही जबाबदारीही येते, आणि ती त्याने आपखुशीने पत्करली नाही तर नियमाने त्याच्यावर घातली पाहिजे.